भूपट्ट खाली जाऊन वितळतो म्हणून ज्वालामुखी होतो, हे स्पष्टीकरण कितपत बरोबर?

नववीचा_भूगोल (प्रश्न)

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. सागरी भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली सरकतो, खोलवर गेल्यावर तेथील उष्णतेने वितळतो आणि तो वितळलेला खडक वर येऊन ज्वालामुखी तयार होतो, असे आपण वर्गात सर्रास सांगतो. फळ्यावरची आकृतीही तशीच असते: तिरकी खाली गेलेली पट्टी, तिच्या टोकाशी लाल रंग आणि तेथून वर निघालेली नळी.

अलीकडे एका विद्यार्थिनीने विचारले, की त्या खोलीवरच्या उष्णतेने खडक वितळत असेल, तर त्याच खोलीवर आधीपासून असलेले प्रावरण घन कसे राहिले? वरून गेलेला भूपट्ट तर त्याच्याहून थंडच असणार. प्रश्न रास्त आहे, आणि ‘दोन भूपट्टांच्या घर्षणाने उष्णता निर्माण होते’ या ठरावीक उत्तराने माझे समाधान होत नाही. त्याला जोडून आणखी दोन शंका आहेत. हे ज्वालामुखी सागरी गर्तेच्या अगदी काठावर न होता तिच्यापासून दीडशे ते तीनशे किलोमीटर आत, तेही एका रांगेत का होतात? आणि भारतीय भूपट्ट हिमालयाखाली जात आहे असे आपण शिकवतो, तर मग हिमालयात ज्वालामुखी का नाहीत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गारगोटी

आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. बहुतेक ठिकाणी खाली जाणारा भूपट्ट वितळत नाही. वितळतो तो त्याच्या वर असलेला प्रावरणाचा खडक, आणि तोही तापमान वाढल्यामुळे नव्हे, तर भूपट्टाने खाली नेलेले पाणी त्यात शिरल्यामुळे. फळ्यावरचा लाल रंग पट्टीच्या टोकाला न देता पट्टी आणि वरचा भूपट्ट यांच्यामधल्या पाचरीत दिला, तर आकृती बरीचशी दुरुस्त होईल.

हे पाणी भूपट्टात येते कुठून, तेथून सुरुवात करतो. मध्य-महासागरीय पर्वतरांगेवर नवा बेसाल्ट तयार होतो तेव्हा त्याला असंख्य भेगा असतात. त्या भेगांतून समुद्राचे पाणी आत उतरते, तापते, खडकाशी रासायनिक क्रिया करते आणि त्यातून क्लोराइट, अँफिबोल, सर्पेंटाइन अशी खनिजे बनतात. या खनिजांत पाणी थेंबांच्या रूपात नसते. ते स्फटिकाच्या रचनेतच बांधले गेलेले असते. सर्पेंटाइनच्या वजनाचा सुमारे १३ टक्के भाग पाण्याचा असतो, म्हणजे हाताला पूर्ण कोरडा वाटणारा हा हिरवा दगड प्रत्यक्षात पाण्याचा चांगला साठा असतो. पुढे कोट्यवधी वर्षे हा भूपट्ट समुद्रतळावरून सरकत राहतो, त्यावर गाळ साचतो, तो थंड होत जातो, जाड होतो आणि जड होतो. अखेर गर्तेपाशी तो खाली वाकतो तो मुख्यतः स्वतःच्याच वजनाने. मागून कोणी त्याला ढकलत आहे असे समजण्याचे कारण नाही.

खाली जाताना गाळाच्या कणांमधले मोकळे पाणी पहिल्या काही किलोमीटरांतच पिळून निघते आणि वर निसटते. खनिजांत बांधलेले पाणी मात्र सहजासहजी सुटत नाही. दाब आणि तापमान पुरेसे वाढले की ती खनिजे अस्थिर होतात, मोडतात आणि त्यांच्या जागी कोरडी खनिजे येतात. बेसाल्टचे रूपांतर एक्लोगाइट नावाच्या खडकात होते, ज्याची घनता दर घन सेंटीमीटरला साडेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सभोवतालच्या प्रावरणाहूनही जास्त असते. या रूपांतरात सुटलेले पाणी हलके असल्याने वर चढते आणि थेट प्रावरणाच्या त्या पाचरीत शिरते.

आता आकडे पाहा, कारण सगळा उलगडा त्यांतच आहे. सुमारे १०० किलोमीटर खोलीवर प्रावरणाचा कोरडा खडक, म्हणजे पेरिडोटाइट, वितळायला लागण्यासाठी १४५० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. पाचरीच्या सर्वांत तप्त भागात ते १३०० ते १४०० अंशांच्या घरात असते, म्हणून तो खडक एवढा तापूनही घनच राहतो. विद्यार्थिनीच्या पहिल्या शंकेचे उत्तर हेच. त्याच खडकात पाणी मिसळले, की तो १००० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी तापमानाला वितळू लागतो. बर्फावर मीठ टाकल्यावर तापमान न वाढवताही बर्फ वितळतो, तसाच हा प्रकार आहे. खडक होता तेवढाच तप्त आहे. बदलला तो त्याचा वितळण्याचा बिंदू.

येथे कोणीही विचारील, की थंड भूपट्ट सतत खाली जात असेल तर ती पाचर हळूहळू गार का होत नाही? कारण प्रावरण घन असले तरी भूशास्त्रीय काळाच्या हिशेबात ते वाहते. खाली जाणारा भूपट्ट आपल्या लगतचे प्रावरण खाली ओढून नेतो आणि रिकामी होणारी जागा भरण्यासाठी मागच्या बाजूने खोल, तप्त प्रावरण पाचरीत येत राहते. त्यामुळे पाणी खालून आणि उष्णता मागून, असा दुहेरी पुरवठा अखंड चालू राहतो. माझ्या मते पाठ्यपुस्तकी आकृतीत सर्वांत मोठी उणीव कोणती असेल तर ती या प्रवाहाची. त्याचा एक वळणदार बाण दाखवला असता तर निम्मे प्रश्न उद्भवलेच नसते.

घर्षणाविषयी थोडक्यात. गर्ता आणि ज्वालामुखींची रांग यांच्यामधल्या पट्ट्यात जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता मोजली, तर ती सर्वसाधारण प्रदेशापेक्षा कमी भरते. दोन भूपट्ट एकमेकांना घासतात ते नेमके याच पट्ट्याखाली. घर्षणाने खडक वितळत असता तर हा पट्टा सर्वांत तप्त असायला हवा होता. घर्षणाची उष्णता अगदीच शून्य नाही, पण ज्वालामुखी पेटवण्याइतकी तिची ऐपत नाही.

ज्वालामुखी एका रांगेत का, याचेही उत्तर यातून मिळते. जगभर पाहिले तर ज्वालामुखींच्या रांगेखाली भूपट्टाची वरची बाजू सरासरी १०० किलोमीटर खोल असते. काही ठिकाणी ती ७० इतकी उथळ, तर काही ठिकाणी १७० इतकी खोल असते. सुटलेले पाणी आणि पुरेसे तप्त प्रावरण यांची गाठ साधारण या खोलीच्या वर पडते. गर्तेला समांतर अशी ही खोली एका रेषेत येते, म्हणून ज्वालामुखीही रेषेत येतात. भूपट्ट तीव्र उताराने गेला तर ही रेषा गर्तेजवळ, मंद उताराने गेला तर दूर.

नववीचा_भूगोल

मनःपूर्वक आभार. पाचरीचे चित्र आता डोळ्यांसमोर स्पष्ट आले. मात्र वर्गात पुढचा प्रश्न ठरलेला आहे: शंभर किलोमीटर खोल कोणी गेलेले नाही, मग भूपट्ट तेथवर जातो आणि त्यातले पाणी वर येते हे कशावरून म्हणायचे?

समस्थानिक

याचे पुरावे अनेक आहेत, पण मला त्यांतला एक विशेष प्रिय आहे, म्हणून त्यावरच जरा रेंगाळतो.

अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणातील ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्या अणूंवर आदळतात तेव्हा बेरिलियम-१० नावाचे किरणोत्सर्गी समस्थानिक, म्हणजे बेरिलियम या मूलद्रव्याचा हळूहळू नष्ट होत जाणारा प्रकार, तयार होते. पृथ्वीच्या पोटात ते जन्मत नाही. पावसाबरोबर ते समुद्रात येते आणि तळाच्या गाळात बसते. त्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मे नष्ट व्हायला लागणारा काळ, सुमारे १४ लाख वर्षांचा आहे, म्हणजे एक कोटी वर्षांहून जुन्या गाळात ते जवळपास उरतच नाही. आता गंमत अशी, की अलास्काजवळची अल्यूशन बेटे आणि मध्य अमेरिका येथील ज्वालामुखींच्या ताज्या लाव्हात हे बेरिलियम-१० सापडते. हवाईसारख्या, भूपट्टाच्या मधोमध असलेल्या ज्वालामुखींच्या लाव्हात ते सापडत नाही. वातावरणात जन्मलेला अणू लाव्हातून बाहेर पडत असेल, तर मधला मार्ग एकच राहतो: गाळाबरोबर गर्तेत, तेथून खाली, पाचरीत आणि शिलारसातून पुन्हा वर.

वेळेचा हिशेबही जुळतो. वर्षाला सहा सेंटीमीटर वेगाने ४५ अंशांच्या उताराने जाणारा भूपट्ट १०० किलोमीटर खोली गाठेपर्यंत सुमारे १४० किलोमीटर अंतर कापतो. त्याला २३ लाखांच्या आसपास वर्षे लागतात, म्हणजे मूळ बेरिलियम-१० पैकी तीन दशांशांहून थोडे अधिक शिल्लक राहते. मोजता येण्याजोगे उरते, हे महत्त्वाचे.

भूपट्ट खाली जातो याचा जुना पुरावा भूकंपांचा आहे. जपानचे कियू वादाती यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस खोल भूकंपांचे अस्तित्व दाखवून दिले. गर्तेपासून आत जावे तसतशी भूकंपांची केंद्रे एका तिरप्या प्रतलावर अधिकाधिक खोल होत जातात, हे त्यांच्या आणि पुढे अमेरिकेतील ह्यूगो बेनिऑफ यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. भूपट्ट-सिद्धान्त प्रस्थापित होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

आणि पाचर नसेल तर काय होते, हेही निसर्गाने दाखवून ठेवले आहे. दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर अँडीज पर्वताची रांग सलग दिसते, पण पेरूच्या उत्तर व मध्य भागात, साधारण ५ ते १४ अंश दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान, एकही जागृत ज्वालामुखी नाही. त्या किनाऱ्यालगतचा सागरी नाझ्का भूपट्ट तेथेही खाली जातोच. फक्त शंभरेक किलोमीटर खोलीनंतर तो जवळजवळ आडवा होऊन वरच्या भूपट्टाच्या तळाला लगटून सरकतो. मध्ये तप्त प्रावरणाला जागाच उरत नाही, म्हणून पाणी सुटले तरी वितळायला योग्य खडक त्याच्या वाट्याला येत नाही. भूपट्ट नुसता खोल गेल्याने वितळत असता, तर ही मोकळी जागा पडण्याचे कारण नव्हते.

उत्तरेकडचा_वारा

वरील विवेचन उत्तम आहे. केवळ एक पुस्ती जोडतो, नाहीतर ‘भूपट्ट कधीच वितळत नाही’ असा दुसऱ्या टोकाचा समज व्हायचा. भूपट्ट वयाने तरुण, म्हणजे अडीच कोटी वर्षांहून लहान असेल, तर तो पुरेसा थंड झालेला नसतो आणि त्याचा बेसाल्ट स्वतःही अंशतः वितळू शकतो. अल्यूशनमधील अडॅक बेटावरून ज्यांना अडाकाइट हे नाव मिळाले, त्या खडकांची रासायनिक घडण अशी वितळण्याची शक्यता दाखवते. अर्थात, तशी घडण असलेला प्रत्येक खडक याच मार्गाने झाला असे म्हणता येत नाही, आणि त्यावर भूशास्त्रज्ञांत बराच वाद आहे. शिवाय जुन्या भूपट्टावरचा गाळही काही ठिकाणी वितळून पाचरीत मिसळतो. नववीच्या वर्गात हे सांगण्याची गरज नाही. पण कोणी विचारलेच, तर ‘बहुतेक ठिकाणी’ हा शब्दप्रयोग सोडू नये.

सिंधूकाठ

हिमालयाचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे, तो मी घेतो. ज्वालामुखीसाठी पाणी भरलेला सागरी भूपट्ट खाली जायला हवा. हिमालयात आज एकमेकांवर रेटले जात आहेत ते दोन खंड. खंडीय कवचाची घनता दर घन सेंटीमीटरला २.७ ग्रॅमच्या आसपास असल्याने ते प्रावरणात बुडायला नाखूष असते. ते वरच्या खंडाच्या तळाशी सरकते, चुरगळते, जाड होते, आणि त्यातूनच उंच पर्वत होतात. पाण्याचा पुरवठा तुटलेला आणि तप्त प्रावरणाची पाचर मिटलेली, अशा ठिकाणी ज्वालामुखी होणार कसे?

पण टक्कर होण्यापूर्वी तेथे ज्वालामुखी होते, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता आणि त्याचा तळ उत्तरेकडे आशियाच्या बाजूखाली जात होता. त्या काळी, म्हणजे साधारण दहा ते पाच कोटी वर्षांपूर्वी, तेथे ज्वालामुखींची रांग उभी होती. समुद्र संपला, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी खंड भिडले आणि पुढे रांग विझली. तिच्या माथ्यावरचा बराचसा भाग झिजून गेला. उरला तो पोटात थिजलेला शिलारस. लेहहून खारदुंग ला खिंडीकडे चढताना रस्त्याच्या दुतर्फा जो करड्या-पांढऱ्या ग्रॅनाइटसारखा खडक दिसतो, तो हाच. पर्यटक तेथे फोटो काढतात ते खिंडीच्या उंचीच्या फलकाशेजारी उभे राहून. मागच्या दगडाकडे सहसा कोणी पाहत नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते.

दख्खनी

एक बाळबोध शंका. मग आपला सह्याद्रीही अशाच एखाद्या जुन्या भूपट्टामुळे झाला का? तोही ज्वालामुखीचाच खडक आहे.

गारगोटी

नाही, शंका मात्र बाळबोध नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपट्टाच्या कडेला नव्हे, तर अंतर्भागात बाहेर पडला. खोलवरून तप्त प्रावरण वर येऊ लागले, की त्यावरचा दाब घटतो आणि केवळ दाब घटल्यानेही खडक वितळतो. तेथे पाण्याच्या मदतीची गरज नसते. त्या लाव्हात पाणी आणि सिलिका (शिलारसाला घट्टपणा देणारा घटक) दोन्ही कमी असल्याने तो पातळ होता, दूरवर पसरला आणि थरावर थर साचले. आज शिल्लक असलेले थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापतात.

भूपट्ट खाली जातो तेथला शिलारस याच्या उलट स्वभावाचा. पाचरीतून निघताना तो बेसाल्टच असतो, पण वरच्या कवचाच्या तळाशी आणि आत तो अडकून पडतो. ऑलिव्हिन, पायरॉक्सीन अशी सिलिका कमी असलेली खनिजे आधी स्फटिक होऊन बाजूला होतात, भोवतालचा कवचाचा खडकही थोडा वितळून मिसळतो, आणि उरलेला शिलारस सिलिकाने समृद्ध व घट्ट होत जातो. अँडेसाइट, डेसाइट, ऱ्हायोलाइट हे खडक या वाटेने होतात. पाणी त्यात अद्याप विरघळलेले असते; मध्य-महासागरीय पर्वतरांगेच्या बेसाल्टमध्ये ते सहसा अर्ध्या टक्क्याहूनही कमी, तर या शिलारसात सरासरी चार टक्क्यांच्या घरात. पृष्ठभागाजवळ दाब उतरला की त्याची वाफ होते, पण घट्ट शिलारसातून तिला सुटता येत नाही. मग स्फोट होतो. २७ ऑगस्ट १८८३ चा क्राकाताऊ, १८ मे १९८० चा सेंट हेलेन्स आणि १५ जून १९९१ चा पिनाटुबो हे सगळे याच कुळातले.

महाराष्ट्राशी याचा संबंध आहे, मात्र तो सह्याद्रीच्या खडकात नाही, नदीच्या गाळात आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे पांढुरक्या ज्वालामुखीय राखेचा थर सापडला असून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला आहे. त्या थराच्या वयाबद्दल बरेच वाद झाले, पण राखेची रासायनिक घडण सुमात्रातील तोबा ज्वालामुखीशी जुळते, म्हणजे ती तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर हवेतून आलेली आहे. तोबाचा सर्वांत मोठा उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला आणि त्यात अंदाजे २८०० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला. तोबाची राख सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की वक्र, टोकदार, पारदर्शक काचेचे कण दिसतात. शिलारसात वाफेचे बुडबुडे होऊन फुटले, त्या बुडबुड्यांच्या भिंतींचे हे तुकडे आहेत.

नववीचा_भूगोल

बोरीची माहिती मला नवी आहे. आता एक व्यावहारिक विनंती: भारतातलेच उदाहरण घेऊन वर्गात छेदाकृती काढायची असेल, तर कोणते घ्यावे?

समस्थानिक

अंदमान घ्या, त्याहून सोयीचे उदाहरण नाही. पश्चिमेकडून पूर्वेकडे छेद काढला तर आधी गर्ता येते, जेथे भारतीय भूपट्ट खाली वळतो. तिच्या पूर्वेस अंदमान बेटांची रांग येते. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, ज्या बेटावर आहे ते ज्वालामुखीय नाही. खाली जाणाऱ्या भूपट्टावरचा खरवडला गेलेला गाळ आणि जुन्या समुद्रतळाचे तुकडे यांची रास रचली जाऊन ती बेटे उचलली गेली आहेत. त्याच्याही पूर्वेस, गर्तेपासून दोनशेहून अधिक किलोमीटर आत, बॅरन बेट येते. आपल्या दुसऱ्या शंकेतले अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजता येईल, हा याचा मोठा फायदा.

बॅरन बेटाचा माथा समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे, पण पाया समुद्रतळावर, दोन किलोमीटरहून अधिक खोल आहे. १७८७ सालापासून त्याच्या उद्रेकांच्या नोंदी आहेत. एकोणिसाव्या शतकानंतर तो दीर्घ काळ शांत राहिला, १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून उफाळत असतो. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक ‘सिंधु संकल्प’ या जहाजावरून जवळच समुद्रतळाचे नमुने घेत असताना त्यांना तो राख ओकताना दिसला. धोका असल्याने त्यांनी सुमारे मैलभर अंतरावरून निरीक्षण केले. पाच-दहा मिनिटांच्या छोट्या उद्रेकांत दिवसा केवळ राखेचे ढग दिसत होते. सूर्यास्तानंतर मात्र विवरातून उडणारी लाल लाव्हाची कारंजी आणि उतारावरून वाहणारा लाव्हा दिसू लागला. तेथला लाव्हा मुख्यतः बेसाल्ट आणि बेसाल्टी अँडेसाइट आहे. त्याच रांगेत उत्तरेला असलेले नारकोंडम बेट मात्र निद्रिस्त असून तेथे अँडेसाइट आणि डेसाइट आढळतात. एकाच रांगेतले दोन ज्वालामुखी इतके वेगळे का, हा प्रश्न हुशार मुलांना घरी विचार करायला देता येईल.

एक सावधगिरी बाळगावी. अंदमानला सहलीला गेलेली मुले ‘आम्ही ज्वालामुखी पाहिला’ असे सांगतात तेव्हा त्यांनी सहसा बाराटांग बेटावरचे चिखल-ज्वालामुखी पाहिलेले असतात. तेथे खालच्या गाळातील वायू आणि पाणी चिखलासह बुडबुडत वर येते. त्यात शिलारस नसतो आणि चिखल भाजण्याइतका गरमही नसतो. बॅरन बेटावर लोकवस्ती नाही, आणि ते पाहायचे ते जहाजातून, दुरूनच.